माहेरचा रकाना

फॉर्मवर ‘घरात कोणाला कॅन्सर?’ या ओळीपुढे निळ्या बॉलपेनने ‘नाही’ असे लिहिलेले होते आणि खाली पतीची सही होती. असे फॉर्म आमच्या प्रयोगशाळेत रोज येतात. ती ओळ मी वर्षानुवर्षे जशी वाचत आले होते तशीच, म्हणजे न वाचल्यासारखीच, त्या दिवशीही वाचली. पेशंट ४५ वर्षांची, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली. पोट फुगल्याची तक्रार तीन महिने गॅसेसवर ढकलली गेली, मग सोनोग्राफीत पोटात पाणी आणि दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसल्या, रक्तातला सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा घटक, बराच वाढलेला निघाला आणि शस्त्रक्रियेनंतर गर्भाशय, दोन्ही अंडाशय, दोन्ही बीजवाहिन्या आणि आतड्यांवरचा मेदाचा पडदा एवढे सगळे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, फॉर्मेलीनमध्ये बुडवून, सांगलीच्या जुन्या भागातल्या माझ्या प्रयोगशाळेत पोचले. ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ मधली आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नाती सांगताना मी थोडे इकडचे तिकडे केले आहे. काचेखाली जे दिसले त्यात काही बदललेले नाही.

अंडाशयाचा कॅन्सर म्हटला की नवशिका पॅथॉलॉजिस्ट गाठीवर तुटून पडतो, कारण गाठ मोठी असते आणि टेबलावर तीच डोळ्यांत भरते. मला मात्र बीजवाहिनीचे टोक आधी कापायची सवय लागली आहे. या नळीचे अंडाशयाकडचे तोंड झालरीसारखे असते. ती झालर उभी चिरून, पातळ फोडी करून, पूर्णच्या पूर्ण मेणाच्या ब्लॉकमध्ये घ्यावी लागते. एखादा तुकडा ‘नमुन्यादाखल’ घेऊन भागत नाही. २००१ साली डच संशोधकांनी, ज्या स्त्रियांना आनुवंशिक धोका होता म्हणून शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्या वरकरणी निरोगी बीजवाहिन्यांत बिघडलेल्या पेशींचे बारीक पट्टे दाखवून दिले, आणि तेव्हापासून हळूहळू हे मान्य होत गेले की ज्याला आपण अंडाशयाचा सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणतो, त्यातले बरेचसे कॅन्सर सुरू होतात ते या झालरीत. अंडाशय हे त्याचे दुसरे घर.

सोमवारी संध्याकाळी मूळ स्लाइड पाहिल्या होत्या. मंगळवारी सकाळी, चहा यायच्या आधी, त्यातली एक पुन्हा काढली, कारण आदल्या दिवशी पाहिलेले एक दृश्य डोक्यातून जात नव्हते. निरोगी पेशी विभागताना गुणसूत्रे मधल्या रेषेवर ओळीने उभी राहतात आणि दोन टोकांकडे सारखी वाटली जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एखाद्या नीट ठेवलेल्या काडीसारखे दिसते. इथे ती काडी नव्हती. तीन फाट्यांचा गडद जांभळा तुकडा होता, मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखा, म्हणजे पेशी एकाच वेळी तीन दिशांना फाटायला निघाली होती. शेजारच्या पेशीत विभागणी जवळपास पुरी झाली होती, पण एक गुणसूत्र दोन्ही बाजूंना अडकून मध्ये दोरीसारखे ताणलेले होते. आणखी दोन पेशींपलीकडे एक महाकाय केंद्रक, शेजारच्या केंद्रकांच्या पाचपट मोठे, आणि त्याच्या भोवती मरून चुरा झालेल्या पेशींचे कण. एवढे सगळे एकाच दृष्टिक्षेत्रात.

अशा तिहेरी विभागण्या नव्याने कळलेल्या नाहीत. जर्मन पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड फॉन हान्सेमान याने १८९० मध्येच कॅन्सरच्या पेशींतल्या वाकड्या विभागण्यांचे वर्णन केले होते. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरीने समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरू देऊन गुणसूत्रांची वाटणी मुद्दाम बिघडवली, आणि त्या निरीक्षणांवरून १९१४ मध्ये असे मांडले की गुणसूत्रांचा चुकीचा हिशेब हेच कॅन्सरचे मूळ असू शकते. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून जवळजवळ ४० वर्षे होती. माणसाने केवळ डोळ्यांनी पाहून किती लांबचे ओळखावे, याचे मला आजही नवल वाटते.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची साधारण ६ अब्ज अक्षरे असतात आणि त्यात रोज हजारो ठिकाणी मोडतोड होते. ऊन, धूर, रसायने लागतातच असे नाही, पेशी नुसती जगण्यानेही होते. बहुतेक जखमा त्या त्या वेळी बुजवल्या जातात. त्यांतली सर्वांत वाईट जखम म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणे. तलाठ्याकडचा सातबारा मधोमध फाटला तर काय करायचे, असा तो प्रश्न आहे. नीट माणूस दुसरी नक्कल काढतो आणि तिच्यावरून फाटलेला भाग अक्षरन् अक्षर उतरवतो. पेशीकडेही अशी नक्कल असते, विभागणीपूर्वी प्रत्येक गुणसूत्राची जोडप्रत तयार झालेली असते, आणि तिच्यावरून उतरवण्याच्या कामातली मुख्य माणसे म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने. ती नसली की पेशी घाईघाईने दोन फाटक्या कडा डिंकाने चिकटवते. समोर दिसली ती कड ती उचलते, मग ती त्याच गटाची असो वा दुसऱ्याच्या. एका गटाची विहीर दुसऱ्याच्या बांधात जाते, तिसऱ्याचा अर्धा एकर कागदावरून नाहीसाच होतो. अशी दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटली की पुढच्या विभागणीत ती दोन टोकांना ओढली जातात, मी पाहिलेल्या त्या दोरीसारखी ताणतात, पुन्हा तुटतात, पुन्हा भलतीकडे चिकटतात. एका चुकीतून दुसरी चूक जन्मते, म्हणून याला नुसता बिघाड न म्हणता अस्थिरता म्हणतात.

इथे एक गैरसमज नेहमी होतो, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मी तो मुद्दाम खोडते. अस्थिरता म्हणजे कॅन्सरच्या पेशीची ताकद, असे सरसकट नाही. अशा गोंधळातून निघालेल्या बहुतेक पेशी मरतात. तो चुरा मला काचेखाली दिसतच होता. पण लाखो पेशींनी लाखो वेगवेगळ्या चुका केल्या की त्यांत एखादी अशी निघते जिला वाढीच्या जनुकाच्या दोनच्या जागी चाळीस प्रती मिळाल्या आहेत, किंवा जिने थांबण्याचा आदेश देणारे जनुकच गमावले आहे. ती टिकते, तिची पिलावळ वाढते, आणि तिच्यातही चुका चालूच राहतात. गाठ वाढते ती अशी, निवड होत होत, आणि म्हणूनच एका पेशंटच्या एकाच गाठीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या स्वभावाच्या पेशी सापडतात.

त्या मंगळवारी माझ्या ट्रेमध्ये आणखी दोन स्त्रियांच्या स्लाइड होत्या, आणि योगायोगाने दोघींचीही अस्थिरता वेगळ्या वाटेने आलेली होती. एक जत भागातली, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिथे एचपीव्ही विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीचे दोन रखवालदार, पी५३ आणि आरबी, निकामी करतात आणि मग तपासणीविना विभागण्या सुरू होतात. दुसरी सांगलीतलीच, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, जिच्यात अक्षरे जुळवताना झालेली चूक दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांपैकी दोन चाचणीत रंगलीच नव्हती, म्हणजे पेशीत नव्हतीच. तिची गुणसूत्रे दिसायला धड होती, पण आत पानोपानी शुद्धलेखनाच्या चुका. तिच्याबद्दल कधीतरी स्वतंत्र लिहीन. त्या दिवशी माझे लक्ष तासगावच्या स्लाइडवरून हलत नव्हते.

पी५३ची आयएचसी, म्हणजे एखादे प्रथिन पेशीत आहे का ते रंगाने दाखवणारी चाचणी, लावायला सांगितली होती. आमच्याकडे त्यासाठी मोठे स्वयंचलित यंत्र नाही. फॉर्मेलीनने घट्ट झालेली प्रथिने उकलण्यासाठी स्लाइड बफरमध्ये बुडवून प्रेशर कुकरमध्ये ठेवतात, आणि हा कुकर स्वयंपाकघरातलाच असतो. आमचा टेक्निशियन शिट्ट्या मोजत उभा असतो तेव्हा बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आत जेवण शिजते आहे असे वाटते. दुपारी दीडच्या सुमारास स्लाइड तयार झाली आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरने ती आधी पाहिली.

“मॅडम, पी५३ निगेटिव्ह आहे. म्हणजे म्यूटेशन नाही ना?”

मी त्याला उठवले नाही. त्याच्याच खुर्चीमागे उभी राहून म्हटले, “गाठीच्या मधल्या रक्तवाहिनीकडे जा. तिच्या भिंतीतल्या पेशी कशा दिसतात?”

“फिकट तपकिरी. काही आहेत, काही नाहीत.”

“त्या निरोगी आहेत. निरोगी पेशीत हे प्रथिन थोडे थोडे असतेच. आता गाठीत ये.”

गाठीत काहीच नव्हते. एकाही केंद्रकात तपकिरी रंगाचा ठिपका नव्हता, सगळीकडे कोरी निळाई. पी५३ बिघडले की दोनपैकी एक होते: एकतर बिघडलेले प्रथिन साठून सगळी केंद्रके गडद तपकिरी होतात, किंवा जनुक असे मोडते की प्रथिन तयारच होत नाही आणि गाठ पूर्ण कोरी दिसते. अंडाशयाच्या या प्रकारच्या जवळजवळ सर्व कॅन्सरमध्ये, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ३१६ पैकी ९६ टक्क्यांत, पी५३चे जनुक बिघडलेले सापडले आहे. डीएनए तुटलेले असताना पेशीला ‘थांब, विभागू नकोस’ म्हणणारा हाच पहारेकरी. तो नसल्यावर तुटलेल्या कागदांसकट पेशी पुढे जाते. मग आम्ही दोघांनी बीजवाहिनीच्या झालरीची स्लाइड पाहिली. एका घडीत, मिलिमीटरभर लांबीत, अस्तराच्या पेशी एकावर एक चढलेल्या, केंद्रके गडद, आणि तिथेही पी५३ तसेच पूर्ण कोरे. पोटभर पसरलेल्या त्या आजाराचा उगम एवढाच होता.

तीन वाजता रिपोर्ट न्यायला पेशंटचे पती आले. सोबत एक तिशी-पस्तिशीतला तरुण होता. मी सहसा नातेवाइकांना भेटत नाही, रिपोर्ट काउंटरवरून जातो आणि बोलायचे ते सर्जन बोलतात. पण या वयात असा कॅन्सर पाहिल्यावर एक प्रश्न स्वतः विचारावा असे ठरवले होते. फॉर्म समोर ठेवून मी पतीला विचारले, घरात कोणाला असा आजार झाला होता का.

“न्हाई मॅडम. आमच्या घरात कुणालाच न्हाई. आमची आई ऐंशीला आली, अजून बागेत जाती. तिला साधी शुगर न्हाई.”

मी पुढे काही विचारणार तोच तो तरुण, जो आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता, म्हणाला, “दाजी, आत्याचं काय मग?”

“ती तुमच्याकडची की.”

मी खुर्चीत सरळ बसले. वीस वर्षे ज्या फॉर्मवर मी विश्वास ठेवला त्यात पेशंटच्या रक्ताची माहिती कधी विचारलेलीच नव्हती. ‘घर’ म्हणजे सासर. फॉर्म भरणारा नवरा, त्याच्या दृष्टीने ‘घरात कोणाला’ याचे उत्तर म्हणजे त्याची आई, त्याची बहीण, ज्यांच्याशी त्याच्या बायकोचे रक्ताचे नातेच नाही. आणि जिथून तिची सगळी जनुके आली ते तिचे माहेर, ते तर ‘तुमच्याकडचे’. तो माणूस खोटे बोलत नव्हता, काही लपवतही नव्हता. विचारले त्याचे त्याने अगदी बरोबर उत्तर दिले होते.

तो तरुण पेशंटचा भाऊ होता. त्याला समोर बसवले आणि नाते नाते घेऊन विचारत गेले: आई, मावशी, आजी, आत्या, काका. आईकडे कोणी नव्हते. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे या दोघांची आत्या, तिला छातीत गाठ झाली होती. “ऑपरेशन झालं, औषधाच्या बाटल्या झाल्या, दोन-अडीच वर्षं बरी होती, मग मेंदूत गेलं. तिचं बी इथंच तपासलेलं, मॅडम. तुमच्याच कागदावर.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यावर छातीएवढे चढले होते. जुनी रजिस्टरे लगदा झाली, संगणक गेला, पण ब्लॉक राहिले. मेणात बसवलेल्या ऊतीला पाण्याचे काही वाटत नाही, आणि ब्लॉकच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरचा, म्हणजे कॅसेटवरचा, क्रमांक आम्ही पेन्सिलीने लिहितो, कारण शाई प्रक्रियेतल्या रसायनांत निघून जाते. महिनाभर आम्ही ड्रॉवर उन्हात वाळवले आणि हजारो ब्लॉक पुन्हा ओळीने लावले होते. मात्र नाव आणि क्रमांक जोडणारे रजिस्टर नव्हते, म्हणून भावाला घरी फोन करायला लावला. आत्याच्या मुलीने तिच्या आईची फाइल ट्रंकेत जपून ठेवलेली होती. तिने व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. कोपऱ्यात क्रमांक होता. खाली माझी सही होती.

टेक्निशियनला ब्लॉक शोधायला पाऊण तास लागला. त्याने ताजा काप घेऊन रंगवला आणि संध्याकाळी साडेसहाला ती स्लाइड मी पाहिली. गाठीच्या कडा ढकलत गेल्यासारख्या गोल, पेशींचे सलग तक्ते, भोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाट गर्दी, आणि विभागण्या पुन्हा तशाच, वाकड्यातिकड्या. ईआर, पीआर, हर-२ या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासल्या जाणाऱ्या तिन्ही प्रथिनांच्या चाचण्या निगेटिव्ह असल्याचे जुन्या रिपोर्टमध्येच होते. वय ४९. आज असा नमुना एखाद्या विद्यार्थ्यासमोर ठेवला तर तो बीआरसीए-१ हे नाव पहिल्या मिनिटात घेईल.

रिपोर्ट जून २०१३ चा होता. त्यात चूक काहीही नव्हते. गाठीचे माप, श्रेणी, काखेतल्या किती गाठींत आजार पोचला, सगळे बरोबर. ‘कौटुंबिक इतिहास विचारावा, आनुवंशिक तपासणीचा विचार व्हावा’ एवढे एक वाक्य तेवढे नव्हते. आणि मला माहीत नव्हते असेही म्हणायची सोय नाही. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१चे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे १९९० मध्येच दाखवले होते, १९९४ मध्ये ते हाती लागले होते. एवढेच नव्हे, तर त्याच २०१३ च्या मे महिन्यात अँजेलिना जोली या अभिनेत्रीने आपल्यात बीआरसीए-१चा दोष असल्याने दोन्ही स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले होते आणि जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात असलेल्या जनुकावर कोणाला पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला होता. मराठी वर्तमानपत्रांत हे सगळे आले होते. मी ते चहाबरोबर वाचले असणार, आणि नंतर येऊन या बाईंची स्लाइड पाहून सही केली असणार. ते आजार मोठ्या शहरातल्यांचे, असे काहीतरी डोक्यात असावे. तेव्हा ही भाची ३४ वर्षांची होती, तिची दोन्ही मुले झालेली होती. ज्या झालरीत तिचा आजार सुरू झाला ती झालर वेळेत काढून टाकता आली असती.

रक्ताची तपासणी आधी आजारी व्यक्तीची करतात, म्हणून केमोच्या पहिल्या फेरीच्या वेळी तिचे रक्त पाठवले. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, तिथे पुढे दाखवायचे ठरले. सर्जनशी आणि केमो देणाऱ्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. महिन्याभराने निकाल आला: बीआरसीए-१ मध्ये सुरुवातीलाच दोन अक्षरे गळालेली. हा दोष प्रथम ज्यू कुटुंबांत ओळखला गेला, पण भारतातही तो अनेकदा सापडलेला आहे.

पेशंटच्या वडिलांना ते समजून घ्यायचे होते. सत्तरीचे गृहस्थ, धोतर-टोपी, मुलगा आणि जावई यांच्या मध्ये बसलेले. मी कागदावर लिहिले: कमळ बदक मगर नगर. “आबा, पेशी हे तीन-तीन अक्षरे घेऊन वाचते, मध्ये जागा सोडलेली नसते. आता पहिल्या शब्दातली ‘मळ’ ही दोन अक्षरे गळाली. वाचून बघा.” त्यांनी बोट ठेवून वाचले: “कबद. कमग. रनग.” मग थांबले. “पुढचं समदंच वाया गेलं की.” अगदी तसेच होते. अमिनो आम्लांच्या १८६३ कड्यांचे हे प्रथिन ३९व्या ठिकाणीच तुटते. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते, म्हणून माणूस धडधाकट असतो. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली की मग ती डिंकाची चिकटवाचिकटवी सुरू होते. पुरुषात हा दोष सहसा काही न करता नुसता बसून राहतो. स्त्रीमध्ये ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास आणि अंडाशयाच्या कॅन्सरची चाळीसच्या आसपास जाते.

“म्हंजे माझ्याकडनंच गेलं म्हणा लेकीकडं.”

मी म्हटले, “आबा, तुमच्याकडेही ते कोणाकडून तरी आले. तुमचे आई-वडील कशाने गेले?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. “आई पोट फुगून गेली. मी बारा वर्षांचा आसन. पोटात पानी झालं म्हणायचे. भावकीनं करणी केली म्हणून आमी त्यांच्याशी बोलत नव्हतो, अजून नीट बोलत न्हाई.”

जावयाने मान खाली घातली. मुलाने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नंतर मुलाने आपलेही रक्त दिले; त्याच्यात दोष नव्हता, त्यामुळे त्याच्या दोन्ही मुलींचा प्रश्न त्याच कागदावर संपला. प्रत्येक अपत्याला ही प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि या भावंडांत ती निम्मी-निम्मी पडली होती.

पेशंटच्या बाबतीत या निकालाचा एक सरळ उपयोग झाला. जी मोडतोड गाठ वाढवते तीच तिचे दुबळे अंग असते. केमोतले कार्बोप्लॅटिनसारखे औषध डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडते आणि ते सोडवायला तीच नक्कल उतरवणारी यंत्रणा लागते, जी या गाठीत नाही. ओलापॅरिबसारख्या गोळ्या पार्प हे दुसरे दुरुस्ती करणारे प्रथिन अडवतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या जोरावर निभावून नेतात, गाठीच्या पेशीला दोन्ही वाटा बंद होतात. ही कल्पना २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी मांडली, आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत बीआरसीएचा दोष असलेल्या स्त्रियांपैकी, केमोनंतर गोळी घेणाऱ्यांत तीन वर्षांनी ६० टक्के आजार न वाढता राहिल्या, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के. तिला केमोचा गुण चांगला आला आणि गोळ्या सुरू झाल्या. आता तिचा सीए-१२५ दर तीन महिन्यांनी बघतात.

मात्र या आजाराशी वागताना फार निश्चिंत होता येत नाही. आबांना दाखवलेल्या त्याच कागदावर मी नंतर, ते गेल्यावर, ‘मळ’च्या जोडीला पुढचा ‘ब’ही खोडून पाहिला: कदक मगर नगर. पहिला शब्द बिघडलेला, पण पुढचे सगळे पुन्हा ताळ्यावर. औषधाच्या माऱ्याखाली एखाद्या पेशीत अशी आणखी एक चूक होते आणि बीआरसीएचे वाचन पुन्हा जुळून येते. मग ती पेशी गोळीला जुमानत नाही. अस्थिरतेनेच तिला सुटायची वाटही दिलेली असते.

फॉर्म मी बदलला. ‘घरात’ हा शब्द काढला आणि ‘पेशंटच्या माहेरी, म्हणजे आई, वडील, बहीण-भाऊ, मावशी, आत्या, काका, मामा, दोन्हीकडच्या आज्या’ असे सविस्तर छापून घेतले, आणि ही बाजू पेशंटनेच भरावी अशी सूचना टाकली. फॉर्म लांबला म्हणून एका सर्जननी नाराजी दाखवली. दाखवू देत.

राहिली होती आत्याची मुलगी, ३६ वर्षांची, अथणीला दिलेली, जिने ती फाइल ट्रंकेत ठेवली होती. तिला तिथल्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी कागद हवा होता, आणि नुसत्या मामेबहिणीच्या रिपोर्टपेक्षा स्वतःच्या आईचा असेल तर तिची बाजू भक्कम झाली असती. म्हणून ११ वर्षांपूर्वीच्या रिपोर्टला मी पुरवणी लिहिली. सॉफ्टवेअर २०१६ पूर्वीचा क्रमांक घेत नव्हते, तेव्हा लेटरहेडवर टाइप केली: ‘मूळ निदानात बदल नाही. गाठीचे स्वरूप, तिन्ही निगेटिव्ह चाचण्या, रुग्णाचे वय आणि आता उपलब्ध झालेली कौटुंबिक माहिती पाहता रक्ताच्या नात्यातील व्यक्तींची बीआरसीए-१ तपासणी व्हावी. हा सल्ला मूळ अहवालात द्यायला हवा होता.’ शेवटच्या वाक्यावर रिसेप्शनच्या मुलीने दोनदा विचारले, “मॅडम, हे असंच ठेवायचं?” तसेच ठेवले. बिलाच्या जागी शून्य लिहिले. टेक्निशियनने ब्लॉक ड्रॉवरमध्ये परत ठेवण्याआधी कॅसेटवरचा पुसट झालेला क्रमांक पेन्सिलीने पुन्हा गिरवला.